ताठ पाठीचा बंदा

बदनापूरच्या शाळेत मौलवीसाबांचे आभार मानायची सोय नव्हती. त्यांनी तुमचं एखादं काम केलं आणि तुम्ही चुकून 'मेहरबानी' म्हणालात, की ते बोलायचे थांबत, मान वर करत आणि आढ्याकडे बघत उभे राहत. आढ्याला पाली होत्या आणि पारव्यांनी टाकून दिलेलं एक घरटं होतं. नवीन माणूस दचकून वर बघायचा. त्याला वाटायचं, वरून काहीतरी पडतंय. मग मौलवीसाब शांतपणे सांगायचे, "तिकडं म्हना. आपन मधले हमाल." समोरच्याने वर तोंड करून आभार मानल्याशिवाय ते जागचे हलत नसत. मी त्या शाळेत मराठीचा मास्तर म्हणून रुजू व्हायला आलो, तेव्हा त्यांनी स्टेशनवरून माझी वळकटी खोलीपर्यंत उचलून आणली आणि पहिल्याच भेटीत मला छताचे आभार मानायला लावले. माणूस थोडा सरकलेला आहे, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं. ते मत पुढे फारसं बदलावं लागलं नाही.

निजामाचं राज्य होतं. शाळा सरकारी. मौलवीसाब उर्दू शिकवत आणि मुसलमान मुलांना दीनियात, म्हणजे त्यांच्या धर्माचे पाठ देत. त्या तासाला हिंदू मुलं ओसरीवर बसून अखलाक, म्हणजे नीतीचे पाठ, शिकत. नीती शिकवायचं काम माझ्याकडे होतं. दोन्ही वर्गांच्या मध्ये भिंत नव्हती, बांबूचा तट्ट्या होता. मौलवीसाबांचा आवाज मोठा आणि माझा बेताचा, त्यामुळे माझ्या मुलांच्या कानांवर माझ्या नीतीपेक्षा त्यांचा अल्लाच जास्त पडायचा. मलाही तसंच होत होतं. इस्लामातल्या देवाबद्दल मला जे काही ठाऊक आहे, ते सगळं तट्ट्याच्या फटीतून आलेलं आहे.

मूळचे ते धावड्याकडचे, शेतकऱ्याच्या घरचे. वर्गात स्वच्छ उर्दू बोलायचे आणि वर्गाबाहेर आले की आपली गावाकडची मराठी. उंच, हडकुळे, एकच शेरवानी, ती कोपरावर ठिगळ लावलेली. पण माणूस लक्षात राहायचा तो पाठीमुळे. मौलवीसाबांचा देव एकच, त्याला जोडीदार नाही, भागीदार नाही, त्याच्यासारखं दुसरं काही नाही. तेव्हा पाठ वाकवायची ती त्या एकासमोर. एवढं तर त्यांच्या धर्मातलं कोणीही सांगेल. पण मौलवीसाबांनी ते फारच मनावर घेतलं होतं. वर्गात खडू पडला तर ते वाकत नसत. पाठ ओळंब्यात ठेवून गुडघ्यात दुमडायचे, उकिडवे बसायचे, खडू उचलायचे आणि तसेच सरळ वर यायचे. विहिरीवर, बाजारात, भाजीच्या पाटीपुढे, सगळीकडे हाच प्रकार. मशिदीतल्या मंडळींनासुद्धा ते जरा अतीच वाटे. तिथल्या एका म्हाताऱ्या बुजुर्गाने एकदा त्यांना समजावलं होतं, की बाबा, खडू उचलणं म्हणजे काही सजदा, देवापुढे माथा टेकणं, नव्हे. मौलवीसाब म्हणाले, "ते मला ठावं हाय. पाठीला ठावं न्हाई. तिला एकदा सवय लागली मंग ती कुठंबी वाकंल."

मागण्याचंही तसंच. मागायचं ते त्याच्याकडे, माणसाकडे नाही. आम्ही दोघंही स्टेशनामागच्या एका काकूंच्या घरी भाड्याने राहत होतो आणि जेवायलाही त्यांच्याकडेच होतो. काकू विधवा होत्या, एकट्या होत्या आणि वयामुळे स्वयंपाकात कधी मीठ घालायला विसरायच्या, कधी दोनदा घालायच्या. आमटी अळणी झाली की मी मीठ मागून मोकळा व्हायचो. मौलवीसाब ओसरीवर बसून तसंच जेवायचे. मी मिठाची वाटी पुढे केली की घ्यायचे, आणि मी घ्या म्हणालो म्हणून नव्हे, तर 'त्यानं पाठवलं' म्हणून घ्यायचे. एकदा मी मुद्दामच वाटी पुढे केली नाही. आठवडाभर त्यांनी अळणी खाल्लं. शेवटी माझ्याच तोंडाची चव गेली.

काकूंना त्यांच्या देवाचं फार कुतूहल. एका दुपारी शेंगा फोडता फोडता त्यांनी विचारलं, "बाबा, तुमचा देव दिसतो कसा वो?"

"दिसत न्हाई, काकी."

"मूर्ती न्हाई, पर तसबीर तर असंल की."

"तसबीर काढायची कशी? त्याच्यावानी काहीच न्हाई. मनात जे येतं, ते तो न्हाई."

"मंग राहतो कुठं?"

"जागा त्यानंच केली. जागेत कसा राहील?"

काकूंनी थोडा विचार केला. "घरचं कोन हाय त्याला? बायको?"

"न्हाई."

"लेकरू?"

"न्हाई. त्याला कुनी जन्माला घातलं न्हाई, आन् त्यानं कुनाला न्हाई. खात न्हाई, झोपत न्हाई, डुलकीसुदिक लागत न्हाई त्याला."

काकूंचे हात थांबले. "म्हंजे बिचाऱ्याला कुनीच न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्यावानीच की."

मी तट्ट्यामागे शिकलेलं आठवत होतो. मौलवीसाब मुलांना नेहमी एक शब्द सांगत, बेनियाज. ज्याला कुणाची गरज नाही आणि ज्याची सगळ्यांना आहे तो. आता ते हा शब्द काकूंना सांगतील असं मला वाटलं. पण ते नुसते दाढीवरून हात फिरवत राहिले. त्या संक्रांतीला काकूंनी त्यांच्या हातावर तिळाचे दोन लाडू ठेवले, एक त्यांचा आणि एक त्यांच्या देवाचा. "काकी, तो खात न्हाई वो," ते म्हणाले. काकू म्हणाल्या, "मंग तू खा. आन् त्याला सांग, पोचलं म्हनून." मौलवीसाबांनी दोन्ही लाडू खाल्ले आणि त्या दिवशीची नमाज जरा लांबली, असं मला वाटलं.

शाळेत मात्र त्यांच्या देवाने आमची पंचाईत करून ठेवली होती. मुलांवर ओरडायचं कसं, हा प्रश्न होता. करीम हे देवाचं नाव, रहीम हे त्याचं नाव. तेव्हा 'करीम, गाढवा' असं म्हणायची मौलवीसाबांची छाती नव्हती. ते पूर्ण नाव घ्यायचे, अब्दुल करीम, म्हणजे करीमचा बंदा, त्याचा सेवक. करीम गाढव असू शकत नाही, त्याचा बंदा असू शकतो. हिंदू मुलांतही विठ्ठल होता, नारायण होता, दोन राम होते. मी म्हणालो, "मौलवीसाब, निदान आमच्या पोरांना तरी सरळ शिव्या द्या." ते गंभीर झाले. "तुमच्या देवाचं नाव हाय ते. दुसऱ्याच्या देवाला वाकडं बोलायचं न्हाई, असा हुकूम हाय आमाला." म्हणून त्यांनी सगळ्यांना दास लावला. विठ्ठलदास, नारायणदास, रामदास. एवढं लांबलचक नाव उच्चारेपर्यंत त्यांचा राग निम्मा उतरायचा.

राहिला एक दगडू. त्याच्या नावात ना देव, ना दास. हाक मारायला सोपा, त्यामुळे साऱ्या वर्गाचा राग त्याच्यावर निघायचा. अब्दुल करीमने शाई सांडली तरी तोंडातून 'दगडू' बाहेर पडायचं. शेवटी त्याचा बाप शेत सोडून शाळेत आला आणि हेडमास्तरांपुढे बसून म्हणाला, "सायेब, पोराचं नाव बदला. आजपासून त्याला भगवान म्हना. घरात तर म्हनूनबी राह्यलो आमी." भगवानचा मग भगवानदास झाला आणि त्याचे हाल थांबले.

पुढची हकीगत कळायची तर शाळेतली एक पद्धत सांगायला हवी. रोज सकाळी मौलवीसाब मुलांकडून सवाल-जवाब म्हणून घ्यायचे. ते विचारायचे, "पैदा करनेवाला कौन?" आणि थांबायचे. मुलं बोट वर करून ओरडायची, "अल्ला." "रोजी देनेवाला कौन?" "अल्ला." "गरीबों को पालनेवाला कौन?" "अल्ला." तट्ट्याच्या अलीकडची माझी मुलं ऐकून ऐकून जवाब देऊ लागली. मला घाम फुटला. गावात कोणाच्या कानावर गेलं तर हा मास्तर पोरं बाटवतोय म्हणून माझीच उचलबांगडी व्हायची. मी मौलवीसाबांना गाठलं. ते म्हणाले, "तुमची पोरं घरी जे नाव घेतात ते घेऊ द्या. मला हरकत न्हाई. फकत मानसाचं नाव घेऊ नगा." तेव्हापासून तट्ट्याच्या पलीकडून "अल्ला" आणि अलीकडून "देव" असा दुहेरी जवाब सुरू झाला. पोरांना त्याची इतकी सवय झाली, की शाळेवरून एक कल्हईवाला जायचा, त्याने गल्लीत "कल्हई करनेवाला" अशी आरोळी देऊन दम घेतला, की सगळी शाळा बोटं वर करून ओरडायची, "अल्ला", "देव". त्याने पुढे ती गल्ली सोडली.

याच दिवसांत माझं लग्न ठरत होतं, किंवा अडत होतं म्हणा. मुलगी जुन्या जालन्यातल्या एका कापडवाल्या शेठची. मी बघायला गेलो तेव्हा पोह्यांची बशी ठेवताना ती माझ्याकडे बघून किंचित हसली होती. तेवढ्या हसण्यावर मी जवळजवळ वर्ष काढलं. शेठना मुलगा पसंत होता, पण त्याची नोकरी कच्ची होती. आमच्या शाळेत सहावीपर्यंतच वर्ग होते. सातवीला सरकारची मंजुरी आली असती तर माझी जागा पक्की होणार होती, नाही तर वर्ष संपलं की मी घरी. शेठनी स्वच्छ सांगितलं होतं, "नोकरी बिलकुल पक्की होऊ द्या, मंग तिथी काढू. परतूरचं एक स्थळबी आल्तं. किती दिवस थांबवून ठेवू त्यांना?"

मी खोलीवर येऊन मौलवीसाबांना म्हणालो, "वैशाखात लग्न करतो."

"इन्शाअल्ला म्हना," ते म्हणाले. म्हणजे, त्याची मर्जी असेल तर.

हे त्यांचं नेहमीचं. उद्याची कुठलीही गोष्ट हे शब्द लावल्याशिवाय बोलायची नाही. स्टेशनमास्तरांशी त्यांचं यावरून कायमचं बिनसलं होतं. मौलवीसाब विचारायचे, गाडी कधी येते. ते म्हणायचे, दहाला. हे म्हणायचे, इन्शाअल्ला म्हना. स्टेशनमास्तर म्हणायचे, वेळापत्रकात तसं लिहिलेलं नाही. आणि त्या लाइनवर गाडी कधीच वेळेवर येत नसल्यामुळे मौलवीसाब कायम जिंकायचे. गाडी येईपर्यंत ते फलाटावर हात मागे बांधून उभे राहायचे आणि स्टेशनमास्तर कचेरीतून बाहेर यायचंच टाळायचे.

सातवीसाठी मी मारुतीला नारळ बोललो. मौलवीसाबांनी विचारलं, "नारळ कशाला? त्याला काय कमी हाय?"

मी म्हणालो, "कमी नाही, पण नारळ बोलला की त्याला आठवण राहते."

"आमचा विसरत न्हाई," ते म्हणाले. मला त्यांच्या देवाचा थोडा रागच आला. विसरत नाही, झोपत नाही, काही लागत नाही. असल्या देवाशी गरजवंत माणसाने व्यवहार करायचा तरी कसा?

मग बातमी आली की तालीमात खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, मोठे साहेब शाळा बघायला येणार आहेत. सातवी द्यायची की नाही, हे त्यांच्या हातात. आमचे हेडमास्तर सज्जन आणि भित्रे होते आणि त्यांना दमा होता. चार शब्द बोलले की थांबून श्वास घ्यावा लागायचा. त्यांनी मौलवीसाबांना बोलावलं, मलाही बोलावलं. म्हणाले, "साहेबांना मानपत्र द्यायचं. उर्दूत. तुमच्याशिवाय कोण लिहिणार? सुरुवात रिवाजाप्रमाणे. गरीबपरवर वगैरे."

त्या काळात वरच्या साहेबाला लिहिलेला कुठलाही अर्ज 'गरीबपरवर' म्हणूनच सुरू व्हायचा. गरिबांना पोसणारा. तिथून पुढे मालिक, अन्नदाता, असं चढत जायचं. म्हशीच्या परवान्याच्या अर्जातही ते असायचं.

मौलवीसाब ताठ उभे राहिले. "साहेबांना मी मेहनती लिहितो. इन्साफवाले लिहितो, तसे असतील तर. पण गरिबांना पोसनारा एकच हाय. त्याचा माल उचलून साहेबांना कसा देऊ?"

"अहो, सगळं राज्य लिहितं," हेडमास्तर म्हणाले आणि श्वास घ्यायला थांबले.

"सगळं राज्य त्याला जवाब देईल. माझा जवाब मला द्यायचाय."

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर चिडलो. खरं सांगतो, फार चिडलो. म्हणालो, "तुमच्या दोन शब्दांपायी माझं लग्न मोडेल. कळतंय का?"

"लग्न त्याच्या हातात हाय, गुरुजी."

"असेल. पण सही साहेबांची लागते."

त्यांनी त्यावर खरोखर विचार केला. मग म्हणाले, "सही त्याचीच. साहेब फकत कलम." असल्या माणसापुढे बोलून काय उपयोग? मी पाय आपटत निघून गेलो.

मानपत्र मी लिहिलं. मला उर्दू बेताचं येत होतं, म्हणून जालन्याला जाऊन कचेरीबाहेर बसणाऱ्या एका अर्जनवीसाला धरलं. त्याच्याजवळ साहेबांना लावायच्या विशेषणांचा साठाच होता. त्यातली सगळ्यात वजनदार मी निवडून आणली. आमच्या हेडमास्तरांना अवघड फारसी वाचताना धाप लागायची, म्हणून अर्जनवीसाला सांगून ती सोप्या बोलीत करून घेतली. इथेच मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, पण ते तेव्हा कळलं नाही. मौलवीसाबांनी मला मानपत्राबद्दल काही विचारलं नाही आणि मीही दाखवलं नाही.

साहेब आले. मुलं अंगणात सतरंज्यांवर बसवली होती, उजवीकडे दीनियातवाली, डावीकडे अखलाकवाली. गावातले पाटील, पटवारी, स्टेशनमास्तर खुर्च्यांवर. साहेब गोरेगोमटे, करड्या दाढीचे, शेरवानीला चांदीची बटणं. सगळे कमरेत वाकून सलाम करत होते. मौलवीसाबांनी सरळ उभं राहून कपाळाला हात लावला. साहेबांनी ते पाहिलं आणि मी साहेबांना पाहताना पाहिलं.

हेडमास्तर मानपत्र घेऊन उठले. त्यांनी सुरुवात केली, "ऐ गरीबों को पालनेवाले," आणि श्वास घ्यायला थांबले.

साऱ्या शाळेची बोटं वर गेली. "अल्ला," उजवीकडून. "देव," डावीकडून.

हेडमास्तरांना काही समजलं नाही. घाबरलेला माणूस वाचत राहतो, तसे ते वाचत राहिले. "ऐ रोजी देनेवाले..." पुन्हा श्वास.

"अल्ला." "देव."

मी पुढे धावून मुलांना गप्प करायला हवं होतं. पण अल्लाचं नाव घेणाऱ्या मुलांना, त्या साहेबांच्या समोर, गप्प बसा म्हणायचं कोणी? पाटील पटवाऱ्याकडे बघत होते, पटवारी जमिनीकडे. आणि साहेबांची अवस्था तर आमच्याहून वाईट होती. पहिल्या जवाबाला त्यांच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्याला ते खुर्चीत पुढे सरकले. पण ते स्वतः पक्के नमाजी. गरिबांना पोसणारा अल्ला, असं मुलं म्हणत असताना 'नाही, मी' असं ते म्हणणार कसे? त्यांना हळूच "बेशक" म्हणावं लागलं. म्हणजे, निःसंशय. "ऐ मुश्किल आसान करनेवाले," हेडमास्तर धापा टाकत म्हणाले. "अल्ला." "देव." "बेशक," साहेब म्हणाले. अर्जनवीसाकडून आणलेली सगळी विशेषणं अशीच एकेक करून वर निघून गेली. शेवटी साहेबांच्या वाट्याला नुसती खुर्ची उरली. स्टेशनमास्तर रुमालात तोंड खुपसून खोकण्याचं सोंग करत होते.

मौलवीसाब कोपऱ्यात उभे होते. मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. त्यांचा चेहरा अगदी कोरा होता.

मानपत्र संपलं. हेडमास्तर मटकन बसले. साहेब उठले आणि थोडा वेळ मुलांकडे बघत राहिले. मग उर्दूत म्हणाले, "शाळेची मागणी काय आहे?"

हेडमास्तर म्हणाले, "हुजूर, सातवी."

साहेब मुलांकडे वळले. "बच्चों, देनेवाला कौन?"

"अल्ला." "देव."

"मग त्याच्याकडेच मागा," साहेब म्हणाले, गालातल्या गालात हसले आणि टांग्यात जाऊन बसले. टांगा स्टेशनकडे गेला. भगवानदासने तेवढं विचारलं, "गुरुजी, आमचं बराबर आलं का?"

मी मौलवीसाबांशी बोलणं टाकलं. त्यांनी एकदा खोलीच्या दारात येऊन सांगायचा प्रयत्न केला, "मी पोरांना काही शिकवलं न्हाई गुरुजी, त्या दिवसापुरतं." मी म्हणालो, "मग कोणी केलं?" ते वर बघायला लागले. मी दार लावून घेतलं. काकूंनी मध्यस्थी केली, दोघांच्या ताटात मीठ नेमकं घातलं, पण उपयोग झाला नाही. जालन्याहून निरोप आला होता, की शेठ परतूरच्या लोकांना बोलावणार आहेत. मी रात्रंदिवस ते पोह्याच्या बशीमागचं हसू आठवत होतो आणि मला रडू यायचं. यात लपवण्यासारखं काही नाही.

पुढचं मी प्रत्यक्ष पाहिलं नाही. पण शेठनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते आयुष्यभर इतक्यांदा सांगितलं की पाहिल्यासारखंच झालं आहे.

एका शुक्रवारी नमाज झाल्यावर मौलवीसाब गाडीत बसून जालन्याला गेले आणि जुन्या जालन्यात दुकान शोधत आले. गादीच्या कडेला ताठ बसले. गिऱ्हाईक समजून सासऱ्यांनी ठाण उलगडलं. मौलवीसाब म्हणाले, "कापड नगं. एक सवाल इचारायला आलोय. रोजी देनारा कोन?"

सासऱ्यांच्या मागे भिंतीवर बालाजीची मोठी तसबीर, तिला ताजा हार. दुकानात बायाबापड्या बसलेल्या. ते म्हणाले, "आता काय सांगावं. देवच की."

"पोरीच्या कपाळावर लिहिनारा?"

"तोच."

"मंग तालीमातच्या साहेबाच्या सहीपायी पोरगी कशाला आडवून धरली? साहेब देव हाय का तुमचा?"

सासरे म्हणायचे, "भर दुकानात, गिऱ्हाइकांपुढं इचारलं वो. मागून बालाजी बघून राह्यलेला. मी काय बोलनार?" तरी ते व्यापारी होते, इतक्यात हार जाणारे नव्हते. त्यांनी सांगितलं, "देव देतो हे बराबर. पर मौलवीसाब, तो दुकानातून न्हाई तर नोकरीतूनच देतो. रिकाम्या हाताला कसा देईल?"

मौलवीसाबांनी पुढ्यातलं ठाण बाजूला सारलं. सासऱ्यांना वाटलं, आता उठतील. मग ते हळूहळू म्हणाले, "शेठ, मी आजवर मानसाकडं काई मागितलं न्हाई. मीठसुदिक न्हाई. ही एक गोष्ट मागून राह्यलो. त्या पोराला तुमची पोरगी द्या."

सासरे सांगायचे, की एवढं बोलताना त्या माणसाच्या कपाळावर घाम आला होता. कुणाला मागताना इतका त्रास झालेला त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि ते उधारीवर माल विकणारे होते. ते म्हणाले, "दिली. नोकरी गेली तर जावई गादीवर बसंल." परतूरकरांना त्यांनी नाही म्हणून कळवलं.

नोकरी गेलीच. एक वर्ष मी सासऱ्यांच्या दुकानात कापड मोजलं. पुढे सातवी मंजूर झाली, दुसऱ्याच कुठल्या साहेबाच्या सहीने, आणि मी पुन्हा बदनापूरला आलो. मौलवीसाब स्टेशनवर उभे होते. वळकटी उचलताना एवढंच म्हणाले, "म्हनलो न्हवतो? कलम बदललं फकत."

पण मला सांगायचं आहे ते लग्नाचं. वैशाखातच झालं, इन्शाअल्ला. मांडवात मौलवीसाब कडेला उभे होते, तीच शेरवानी, तेच ठिगळ. मला सगळा प्रकार आदल्या दिवशी सासऱ्यांकडून कळला होता. मी त्यांना गाठून विचारलं होतं, "मौलवीसाब, तुम्ही मागितलंत? माणसाकडे?" त्यांनी मान फिरवली. म्हणाले, "मागितलं वरच. शेठ मधी बसल्यालं व्हतं."

वडीलधाऱ्यांना नमस्कार करत करत आम्ही दोघं त्यांच्यापुढे आलो. मला माहीत होतं, की ते कुणाला पाया पडू देत नाहीत. त्यांच्या लेखी पायाशी वाकायचा मान फक्त एकाचा. पण त्या दिवशी माझी पाठ माझ्या ताब्यात नव्हती. मी वाकलो. त्याबरोबर मौलवीसाब घाबरून खाली बसले, पाठ ताठ ठेवून, उकिडवे, खडू उचलायला बसायचे तसे. त्यांचे पाय शेरवानीखाली गेले. मी आणखी वाकलो, ते आणखी खाली सरकले. माझ्यामागे उभ्या असलेल्या नवरीला वाटलं, यांच्यात अशीच पद्धत असेल. शालूचा घोळ आवरत तीही उकिडवी बसली. भर मांडवात आम्ही तिघं जमिनीवर, एका उंचीवर, एकमेकांच्या तोंडासमोर. वऱ्हाडी हसत होते. मौलवीसाबांनी माझ्या खांद्याला धरून मला सरळ केलं आणि म्हणाले, "आता बराबर."

मला फक्त एकच शब्द सुचला. "मेहरबानी," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली. मीही केली. वर मांडवाला सासऱ्यांच्या दुकानातलं पांढरं कापड ताणलेलं होतं आणि त्यातून ऊन झिरपत होतं. नवरीनेही वर पाहिलं. थोडा वेळ वाट बघून ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली. हळूच म्हणाली, "वरून काई पडून राह्यलं का?"

"नाही," मी म्हणालो. "आभार मानतोय."